वरचे दोन फूट

गवंड्याला सगळी वस्ती ‘ओळंबा’ म्हणायची. कामही सरळ, माणूसही सरळ. त्या उतारावरच्या वस्तीत माती अडवणाऱ्या निम्म्या भिंती त्याच्याच हातच्या. नगरपालिकेचे नियम त्याला तोंडपाठ. भिंत चार फुटांच्या वर न्यायची तर इंजिनिअरचा नकाशा हवा, परवानगी हवी, पायाही रुंद हवा. गिऱ्हाईक कितीही तालेवार असो, त्याशिवाय तो वर एक दगड चढवायचा नाही.

थोरल्या बहिणीपुढे मात्र त्याची डाळ शिजत नसे. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

“तुझ्या भावोजींचे गुडघे कामातून गेलेत,” ती म्हणाली. “उतरत्या अंगणात चार पावलं टाकता येत नाहीत त्यांना. कडेची भिंत दोन फूट वर घे, माती भर, अंगण सपाट कर.”

“ताई, सहा फुटांना परवानगी लागते. हा पाया चार फुटी भिंतीपुरताच आहे.”

“परवानगी येईपर्यंत ते अंथरुणाला खिळतील. सख्ख्या बहिणीला कायदा शिकवतोस होय रे?”

त्याने मान खाली घातली. आठवड्यात भिंत उभी राहिली. भावोजी काठी टेकत रोज सकाळी फेऱ्या मारायला लागले. “मेव्हणे, तुम्ही मला पाय दिलेत,” ते म्हणायचे, तेव्हा त्याच्या मनातली टोचणी जरा बोथट व्हायची.

दोन पावसाळे निभावले. तिसऱ्या वर्षी आठ दिवस झड लागली. उघडीप मिळाली म्हणून भावोजी सकाळी अंगणात आले, आणि पाण्याने फुगलेली माती भिंतीसकट खाली गेली. त्यांना घेऊन.

भावोजींच्या मृत्यूच्या चौकशीला आलेल्या नगरपालिकेच्या साहेबांना ताई म्हणाली, “घर घेतलं तेव्हापासून भिंत अशीच आहे.”

ओळंबा पुढे झाला. “नाही साहेब. वरचे दोन फूट मी चढवलेत.”

त्याचा बांधकामाचा परवाना गेला. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. ताई बोलेना, याने मात्र तो आतून पोखरला. महिन्याभराने तो तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“ताई, शिव्या दे, मार, पण बोल गं.”

ती ओटा पुसत होती. न वळताच म्हणाली, “साऱ्या जगाला ‘नाही’ म्हणालास. मलाच तेवढं म्हणायला जीभ रेटली नाही तुझी?”

तो अंगणाच्या कडेला गेला आणि ढासळलेली माती उपसायला लागला. ताईने खिडकी लावून घेतली.