पांढऱ्या सदऱ्याचा प्रयोग

सुचित्राबाई यवतमाळहून आमच्या फुलसावंगीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्या, तेव्हा त्या किती दिवस टिकतील याची स्टाफरूममध्ये चर्चा होती. वडील कचेरीत हेडक्लार्क, भाऊ वकील; ही बाई तांड्यावरच्या पोरांबरोबर भंगारात कशी बसणार? पण बसल्या. मोडक्या खेळण्यातली मोटर, सलाईनची नळी, सायकलची ट्यूब, त्यांना सगळं चालायचं. मी मराठीचा मास्तर. माझ्या वर्गात पोरं जांभया द्यायची आणि शेजारी हा गोंधळ. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा.

प्रयोग संपला की बाई विचारायच्या, "खरं निघालं का?" पोरं एका सुरात हो म्हणायची, मग टाळ्या. फसला तरी टाळ्या व्हायच्याच, फक्त पुन्हा करून बघायचा.

त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळीनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. सातवीतल्या वर्षा नावाच्या पोरीचा बाप रूपसिंग रोजानं लोकांच्या वावरात अळीचं औषध फवारायचा. संध्याकाळी डोळे चोळत यायचा आणि भाकर न खाताच आडवा व्हायचा. माणसाच्या जागी गाडी फवारेल का, असं वर्षानं बाईंना विचारलं. बाईंना तेवढंच हवं होतं. पोरांनी रिमोटची गाडी जमवली, तिच्यावर पाण्याची बाटली आणि छोटी मोटर बसवली. काड्या रोवलेल्या ओळीतून ती तुषार उडवत जायची. खऱ्या वावरातल्या चिखलात ती हातभरही गेली नसती. बाईंना ते ठाऊक होतं, वर्षाला नव्हतं.

बाई म्हणाल्या, आधी औषध पडतं कुठं ते बघू. वर्षानं घरी न विचारता बापाचा लग्नाकार्यातला पांढरा सदरा आणला. साधी शाई फिकी पडली, म्हणून बाईंनी ऑफिसातली शिक्क्याची शाई पाण्यात ओतली. सदरा अंगात घालून आणि औषध कधीच न भरलेला कोरा पंप पाठीवर घेऊन वर्षा शाळेमागच्या पऱ्हाटीत शिरली. बाहेर आली तेव्हा छाती, बाह्या, कॉलर, सगळं निळं. औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर पडतं, हे खरं निघालं होतं. टाळ्या माझ्या वर्गापर्यंत ऐकू आल्या.

शाई मात्र निघेना. वर्षाची आई चंदाबाई दगडावर घासून थकली. रूपसिंग सदरा घेऊन शाळेत आला, तेव्हा आता भांडण होणार असं आम्हाला वाटलं. पण त्यानं तो टेबलावर पसरला आणि बाईंचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. तोंडाला फडकं बांधा, वारा पाठीशी ठेवा, डोक्याएवढ्या पिकात शिरूच नका, असं बाईंनी सांगितलं.

"बाई, हे मले समजते," तो म्हणाला. "पण मी नाही म्हटलं तं मालक दुसऱ्याले सांगते. पोरीची गाडी मोठी करा, मंग मी घरीच बसतो."

बाई हो म्हणाल्या. बाजूला वर्षा उभी होती. तिच्यासमोर दुसरं काय म्हणणार?

लग्नाला न चालणारा सदरा फवारणीला लागला. पोळा झाला आणि एका दुपारी रूपसिंग वावरातच कोसळला. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. बाई आणि मी पाठोपाठ गेलो. डॉक्टरांनी पुष्कळ केलं, पण तो गेला. चंदाबाई भिंतीला टेकून बसली होती.

नर्सनं त्याचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिले. वर्षानं पिशवी सोडली आणि सदरा बाकावर पसरला, अगदी शाळेत पसरला होता तसा. निळ्या डागांवर औषधाचे पांढुरके डाग वाळले होते. तीच छाती, त्याच बाह्या, तीच कॉलर. ती त्यांवरून बोट फिरवायला गेली, तसा बाईंनी तिचा हात धरला.

"बाई, आपलं खरं निघालं न?" वर्षानं विचारलं.

बाईंनी तिला पोटाशी धरलं आणि त्या मोठ्यानं रडल्या. मला कुठं बघावं कळेना.

बाई अजून आमच्याच शाळेत आहेत. ती गाडी कपाटात आहे. प्रयोग अजूनही होतात, पण संपल्यावर बाई काही विचारत नाहीत. नवी पोरं आपली आपणच टाळ्या वाजवतात, तेव्हा त्या फळ्याकडे तोंड करून फळा पुसत राहतात.