शेतकरीण म्हणा!

बारामतीच्या एसटी स्टँडवर मी तावातावानं ‘राबणाऱ्या बाईला शेतकरीण म्हणा!’ अशी पत्रकं वाटत होतो. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे असलेल्या वरकुट्याच्या एका बाईनं ते ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं.

“दादा, काय बी म्हणा,” ती म्हणाली, “पर सातबाऱ्यावर माझं नाव न्हाय. भावांनी हक्कसोडावर सही घेतली न् साडी नेसवली. तुमच्या बहिणीचं नाव हाय का वो?”

मी व्यवस्थेवर भाषण सुरू केलं. ती “व्हय, व्हय” करत पत्रकाची घडी घालत राहिली.

बहिणीचं हक्कसोडपत्र गेल्या वर्षी मीच टाईप करवून आणलं होतं. धंद्याच्या रकान्यात ‘शेतकरीण’ लिहायला मी टायपिस्टशी भांडलो होतो.