टाकीवरची आडवी पट्टी

गेल्या आठवड्यात आमच्या कारंजा गावच्या घरात माशांच्या टाकीनं सगळ्यांचा जीव टांगणीला लावला होता...

नवऱ्याला लहानपणापासून मासे पाळायचे होते. पण आमचं जैन घर, आणि सासरे म्हणजे मुंगीलाही वाट करून देणारे... "मुक्या जिवाले काचेत कोंडाचं कायले?" एवढ्यावर विषय संपायचा. यंदा कसे कोण जाणे, हो म्हणाले. अट एकच, टाकी वरून मोकळी ठेवायची.

मग काय... नवऱ्यानं काचा कापून आणल्या, सिलिकॉननं चिकटवून चांगली पाच फुटी टाकी घरीच बांधली. एवढ्या लांब टाकीला वर मधोमध काचेची आडवी पट्टी लागते, पुढची-मागची काच धरून ठेवायला. तीही आणली होती. पण बाबांचा शब्द म्हणून लावलीच नाही.

पाणी भरत आलं आणि पुढची काच मधे फुगली... घाईघाईनं पाणी उपसलं. मासे अजून टबातच होते, नशीब. पण बाबांना सांगणार कोण? इतक्या वर्षांनी मिळालेली परवानगी जाते की काय, या धास्तीनं नवरा पट्टी घेऊन नुसता बसून राहिला.

शेवटी बाबाच आले. उपसलेली टाकी आणि लेकाच्या हातातली पट्टी पाहिली. "काहून लावली नाही मंग?"

"तुमीच म्हटलं होतं ना, वरतून मोकयी ठेव."

"अरे, टाकी फुटली त त्या जिवाइचं काय? माह्या बोलण्यापायी त्याइले मारतं का?"

लगेच दोघं कामाला लागले. पट्टी सारखी घसरत होती, म्हणून बाबांनी खालून दोन्ही हात लावले. सिलिकॉन धरेपर्यंत हलायचं नव्हतं.

बाबा दिवस मावळल्यावर पाणीही पीत नाहीत. ऊन उतरलं तशी मी ताट वाढल्याची खूण केली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं... दिवस मावळला, तरी ते तसेच उभे.

नवऱ्याच्या उशिरा लक्षात आलं. "बाबा, तुमचं जेवण..."

"राहू दे. पट्टी सरळ बसली का, ते पाह्य."

त्या दिवशी नवराही जेवला नाही. मी मात्र जेवले, एवढा स्वयंपाक वाया कोण घालवणार...

आज टाकी पुन्हा भरली. काच जागची हलली नाही. मासे बाबांनीच सोडले, वाटीनं, एकेक करून.

लग्न होऊन आल्यापासून मला वाटायचं, बाबांना लेकाच्या हौशीचं काही पडलेलं नाही. बरं झालं, मी चुकले...