गुणाजी परबांचे टिपके

खंडेनवमीच्या दुपारी चाळभर बातमी फिरली, की गुणाजी परबांनी पाण्याची मोटर भंगारात विकली. लुंगीत काहीतरी जड गुंडाळून टॅक्सीत बसताना त्यांना दोघातिघांनी पाहिलं होतं, आणि चिंचपोकळीत एवढा पुरावा फाशीला पुरतो. खरं एवढंच, की लुंगीत मोटरीचं एका बाजूचं कव्हर होतं.

गुणाजी म्हणजे चाळीचे स्वयंघोषित मोटरमहर्षी. स्टेशनच्या वाटेवर वाइंडिंगचं दुकान, आणि पंपाच्या खोलीची चावी कमरेच्या करगोट्याला. आंघोळीतही सुटत नाही, असं त्यांची बायको मालन सांगते. रोग कुठलाही असो, गुणाजींचं औषध एक: हातोडीने ठोकायचा टोकदार पोलादी पंच.

मोटरीत बेरिंग असतं. त्याची आतली कडी दांड्याबरोबर फिरते, बाहेरचीने कव्हरच्या खोबणीत मुकाट बसून राहायचं असतं. चाळीच्या मोटरीत खोबण झिजली, तशी बाहेरची कडीही गरगरायला लागली आणि खोबण आणखी खात सुटली. यावर गुणाजी खोबणीच्या आतून पंच-हातोडीने टिपके मारत. टिपक्याभोवती लोखंड जरा वर येतं, बेरिंग घट्ट बसतं, गुणाजी ऐटीत चहा पितात. महिन्याभरात ते उंचवटे घासून जातात, बेरिंग पुन्हा फिरतं, गुणाजी पुन्हा ठोकतात. खोबणीचं तोंड देवीचे व्रण आल्यासारखं झालं होतं. चाळीलाही हेच पसंत. कायमचा इलाज म्हटला की कमिटी खर्चाचा आकडा ऐकूनच मीटिंग पुढे ढकलते.

त्यांचा जावई कल्पेश, कोळीवाड्यातला, भायखळ्याला लेथ चालवतो. पहिल्याच दिवाळसणाला त्याने ते कव्हर पाहिलं आणि भर पंगतीत म्हणाला, "बाबा, बेरिंग बसवलंय की भरताच्या वांग्याला टोचे मारलेत? खोबण मोठी करून आत बुश, म्हणजे नवं कडं ठोका, मापात आणा. नायतर ते फिरायचं थांबणार नाय." मंडळी खो खो हसली. गुणाजींनी त्या दिवसापासून लेक रुपालीच्या घराची पायरी सोडली. रुपालीचा फोन आला की मुकाट मालनच्या हातात देत.

तर नवमीला सकाळी मोटर शिट्टी घालून बंद पडली. गुणाजींनी ती खोलली, कव्हर काढलं, आणि 'टिपके काय, चुटकीसरशी मारतो' म्हणून आधी हत्यारांची पूजा करायला बसले. हळदकुंकू, झेंडू, नारळ, सगळं साग्रसंगीत. आरती झाल्यावर लक्षात आलं: पंच आणि हातोडी त्याच ढिगात, झेंडूखाली. आणि पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा नियम वर्षानुवर्षं अख्ख्या गल्लीला ओरडून शिकवला होता कोणी? यांनीच.

कमिटीच्या सेक्रेटरी इरावतीताई जिन्यात उभ्याच होत्या. "परब, उद्या दसरा. संध्याकाळपर्यंत टाकी भरली नाही, तर चावी माझ्याकडे द्यायची. मी बाहेरचा माणूस लावते."

गुणाजींचा हात करगोट्याकडे गेला. चावी गेली तर चाळीत त्यांना 'परब' तरी कोण म्हणणार!

मग गुणाजींनी शास्त्रातून पळवाट काढली. थंड पेयाचा रिकामा डबा स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापला. कात्री मालनची, तिला पूजा लागू नाही. पत्र्याची पट्टी बेरिंगभोवती गुंडाळली, खालच्या मनूचा पाना मागितला (परक्याच्या पान्यालाही पूजा लागू नसावी), आणि कव्हर बसवून मोटर चालू केली.

"बघ मनू, मख्खन!"

"काका, धूर कसला येतोय?"

पट्टी चुरगळून बाहेर आली होती. बेरिंग आता दुप्पट जोमाने फिरत होतं, आणि कव्हरवर पापड भाजता आला असता. मोटर बंद करून गुणाजी तिथेच बादलीवर बसले. मालन रिकामा हंडा घेऊन दारात आली.

"आता जावयाकडे जावा."

"अगो, सगळ्यांसमोर बोललाय तो मला! माझ्या नाकाचं काय?"

"तुमच्या नाकात हंडोभर पाणी मावता काय? उठा!"

तर ती टॅक्सी. कल्पेशकडे पूजा दसऱ्याच्या दिवशी, म्हणून नवमीला लेथ चालू. गुणाजींनी लुंगीचं गाठोडं सोडून कव्हर टेबलावर ठेवलं आणि मान खाली घालून टोमण्याची वाट पाहत राहिले. वांग्याचा विषय आता निघेल, मग निघेल. कल्पेशने खोबणीतून बोट फिरवलं, एकवार सासऱ्याकडे पाहिलं.

"बसा बाबा. चहा सांगतो."

गुणाजींना हे टोमण्यापेक्षा झोंबलं. चहा मात्र दोन कप प्यायले. कल्पेशने खोबण सोलून गोल केली, आत बुश ठोकलं, त्यात बेरिंगच्या मापाचं घर कापलं. नवं बेरिंग दाबून बसवलं आणि म्हणाला, "आता फिरवून बघा बरं." गुणाजींनी दोन्ही हातांनी जोर लावला. बाहेरची कडी तसूभर हलली नाही. गुणाजींचा चेहरा असा झाला, की जणू तिने त्यांचाच अपमान केला.

दिवेलागणीच्या आधी टाकीत पाणी चढलं. मोटर इतकी गप्प चालली, की लोकांना बंद आहे असंच वाटलं. गॅलरीत सगळे हंडे-बादल्या घेऊन हजर, आणि तमाशा बघायलाही. इरावतीताईंना राहवेना.

"काय परब, शेवटी जावयाच्या दारात नाक घासलंत म्हणे?"

गुणाजींनी चावी करगोट्यात खोचली आणि म्हणाले, "पाणी आलं ना? मग हंडे भरा. नाक माझं आहे, कमिटीचं नाही."