नाना कोपरे बघतात

धुळ्यात जुन्या लेन्स विकणाऱ्या नानांचं खरं नाव मला अजून ठाऊक नाही. वाइड लेन्स, म्हणजे सगळा घोळका एका फोटोत मावणारी लेन्स, मागितली की ते ती आधी माझ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला लावतात, दारात उभं राहून समोरच्या किराणा दुकानाचा फोटो काढतात आणि स्क्रीनवर मोठा करून फक्त चार कोपरे बघतात. मधे कधीच नाही. "मधला बठ्ठाच चांगला दिखस, भाऊ." मधलं सगळंच चांगलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

मी लग्नांचे फोटो काढतो. यंदा लग्नसराईच्या तोंडावर मला नानांकडे एक जुनी लेन्स स्वस्तात मिळत होती. काच स्वच्छ होती, फोकसची रिंगही मऊ फिरत होती. नानांनी कोपरे पाहिले आणि लेन्स परत कपाटात ठेवली.

"लग्नासाठी देणार नाही. शेताचे फोटो काढणार असशील तर घेऊन जा."

मी चिडलोच. "कडा जराशा पुसट येतात, एवढंच ना? ग्रुप फोटोत कडेला बघतं कोण?"

नाना चष्मा पुसत म्हणाले, "जो कडेले उभा ऱ्हास, तो देखस."

मी रिकाम्या हाताने सोनगीरला परतलो. घरी धाकट्या भावाच्या लग्नाचा, मीच असल्याच एका लेन्सने काढलेला ग्रुप फोटो उघडला. नवरा-नवरीमागे सगळे भाऊबंद ठसठशीत आले होते. अगदी उजव्या टोकाला अक्का, माझी विधवा बहीण. "अक्का, जरा कडेला सरक," असं मीच तिला म्हणालो होतो.

ती हसतेय की नाही, हे फोटो कितीही मोठा करून मला कळेना.