पाचशे प्रती, सही एकही नाही

बाबांनी मृत्युपत्र छापलं होतं. पिवळ्या कागदावर, पाचशे प्रती. आयुष्यभर पत्रकं काढणारा माणूस. गुपचूप लिहिलेल्या कागदावर त्यांचा विश्वासच नव्हता. ‘माझ्यामागे घर दोन्ही लेकरांचं. मागची खोली मात्र माझ्या बहिणीची, कायमची.’ खाली छापील नाव.

ते गेल्यावर घरावर नावं लावायला तो कागद घेऊन मी नगर भूमापन कार्यालयात गेले. वकील लावणार नाही, असं जाहीर केलं होतं. कायदा लोकांचा असेल तर मधे दलाल कशाला? चौथ्या खेपेला बाबूने कागद उलटसुलट केला.

“मॅडम, सही कुठं आहे?”

“नाव छापलंय ना.”

“छापलेलं नाही चालत. त्यांची सही लागते, दोन साक्षीदारांच्या लागतात.”

“अख्खी वस्ती साक्षीदार आहे.”

“मग आणा वस्तीले,” तो म्हणाला. शेजारचं टेबलही हसलं.

म्हणजे मृत्युपत्र नाहीच. वारस भाऊ आणि मी, तेही हिंदू वारसा कायद्याने! ज्या धर्मातून आजोबा दीक्षा घेऊन बाहेर पडले, त्याच्याच नावाचा कायदा आम्हाला लागू. आम्हा दोघांना वाढवणारी आत्या त्यात कुठेच नव्हती. बाबांचा इतका राग मला कधी आला नव्हता. सभांचे ठराव सूचक-अनुमोदकांसकट लिहिणाऱ्या माणसाला घरासाठी दोन सह्या घेता आल्या नाहीत?

हिंगण्याच्या कंपनीतून आला की भावाचं एकच: “विकून टाकू. आत्या राहील आमच्या फ्लॅटमध्ये.” फ्लॅट अजून घेतलाही नव्हता.

मी भांडायला उठले. आत्या लसूण सोलत होती.

“तू चूप राय वं,” ती मला म्हणाली आणि भावाकडे वळली. “काहून गा, हे पिवळे कागद घरोघरी कोणं वाटले होते?”

भावाने मोबाइल काढला.

“गाडीवर कोण फिरत होता? मले तं तूच वाचून दाखवलं.”

तो न जेवता उठला.

आमची नावं लागायला आणखी तीन महिने गेले. मग एके दिवशी त्याने सुट्टी टाकली. दुय्यम निबंधकाकडे आत्याच्या खोलीचं बक्षीसपत्र करायचं होतं. सर्व्हर दोनदा बंद पडला, आत्याचा अंगठा मशीनवर उमटेना. भावाने वस्तीतले चार जण आणले होते.

“साक्षीदार दोनच लागतात,” मी वैतागून म्हटलं.

“असू दे,” तो म्हणाला. “या घरात कमीच पडतात.”