एकतीस, चौतीस, पस्तीस

ब्रेककाकांच्या घराचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून त्यांनी दाराखाली एक जाडजूड लोखंडी पिन सरकवून ठेवली आहे. पिनेवर निकेलचा मुलामा आहे. ती कंपनीने त्यांना लाकडी पाटीवर बसवून दिली होती, खाली 'कृतज्ञतापूर्वक' असं कोरून. पाटी काकूंनी कुंडीखाली घातली आणि पिन दाराखाली गेली. कंपनीच्या कृतज्ञतेचा एवढा चांगला उपयोग दुसऱ्या कोणी केलेला मला माहीत नाही.

पिनेबद्दल सांगितल्याशिवाय काका कळायचे नाहीत. आमच्या कारखान्यात छोटी प्रवासी विमानं बनतात. लांबलचक हॉल, त्यात पाच टप्पे. पहिल्या टप्प्यावर नुसता सांगाडा असतो, दुसऱ्यावर नळ्या आणि वायरी, असं करत करत पाचव्यावर खुर्च्या आणि पडदे. काम संपलं की विमानाला ओढायचा दांडा जोडायचा आणि ट्रॅक्टरने पुढे न्यायचं. सगळी विमानं एकाच दिवशी सरकायची, सुरुवात पाचव्यापासून. तो दांडा विमानाला जोडणारी पिन सगळ्या हॉलमध्ये एकच होती आणि ती असायची पाचव्या टप्प्याच्या फोरमनच्या कपाटात. म्हणजे काकांच्या.

सरकायच्या दिवशी काका सकाळी चारही टप्प्यांवरून फिरून यायचे. कागदावर विश्वास नाही. पॅनेलच्या आत हात घालायचे, बोटांनी चाचपायचे. काम पुरं असेल तर कपाट उघडायचं, नसेल तर किल्ली खिशातच. मॅनेजर येऊन गयावया करोत, नाहीतर ग्राहक येऊन आदळआपट करो. "झालं की देतो," एवढंच उत्तर. म्हणून नाव पडलं ब्रेककाका. मी त्यांच्याच टप्प्यावर काचेच्या खोलीत नोंदी ठेवायचे, अजून ठेवते. त्यांना पहिल्यांदा 'ब्रेककाका' म्हणाले तेव्हा वाटलं चिडतील. ते म्हणाले, "ब्रेक नसलेल्या गाडीत बसणार का बाई तुम्ही?"

दुसऱ्या टप्प्याचा इन्चार्ज म्हणजे काकांचा जावई. त्याला हातोडी कशी धरायची इथपासून काकांनी शिकवलं, आणि पोरगा हुशार, मेहनती आहे म्हणून मुलगीही दिली. लग्नानंतर पंचाईत झाली. घरी जावयाला 'तुम्ही' म्हणायचं आणि हॉलमध्ये 'तू' म्हणून झापायचं. काकांनी ते इमानेइतबारे सांभाळलं. गेटच्या आत 'तू', गेटच्या बाहेर 'तुम्ही'.

मग मोठे साहेब आले. आधी ते वॉशिंग मशीनच्या कंपनीत होते. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण. वाईट असता तर सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या असत्या. ते शिपायालासुद्धा नावाने हाक मारायचे, कॅन्टीनच्या रांगेत उभे राहायचे. पहिल्याच सभेत त्यांनी पडद्यावर दाखवलं की समोरची कंपनी आठ महिन्यांत विमान देते, आपल्याला चौदा लागतात, आणि दोन मोठी गिऱ्हाइकं हातची गेली आहेत. हे खोटं नव्हतं. मग म्हणाले, "वेग हीच आपली रणनीती. यापुढे दर नवव्या दिवशी सगळी विमानं सरकणार. काम राहिलं तर राहू दे, त्यावर लाल चिठ्ठी लावा, ते विमानाबरोबर पुढे जाईल. पुढचे लोक पूर्ण करतील." आणि सगळ्यांसमोर हसून काकांना म्हणाले, "काका, ती पिन आता कपाटात नको. ट्रॅक्टरवरच राहू दे."

टाळ्या पडल्या. काकांनी कपाटातून पिन आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. पिनेचं ग्रीस साहेबांच्या पांढऱ्या बाहीला लागलं. तेवढंच आम्हाला समाधान.

पुढचे लोक म्हणजे कोण? पाचव्याच्या पुढे कोणी नव्हतंच. सगळ्या लाल चिठ्ठ्या वाहत वाहत काकांच्या दारात यायच्या. दुसऱ्या टप्प्यावर उघड्या सांगाड्यात दहा मिनिटांत होणारं काम पाचव्यावर करायचं तर आधी खुर्च्या काढा, मग गालिचा, मग पॅनेल, मग आडवं पडून कोपरापर्यंत हात घाला. काकांच्या माणसांची कोपरं सोललेली असायची. पण विमानं वेळेत बाहेर पडू लागली आणि साहेबांचा फोटो एका मासिकात आला.

चिठ्ठ्या फार झाल्या तेव्हा साहेबांनी आणखी एक डोकं लढवलं. हॉलच्या तोंडाशी मोठा फलक लावला. कोणत्या टप्प्याच्या किती लाल चिठ्ठ्या, रोज आकडा. ज्याच्या सगळ्यात कमी, त्याचा साहेबांबरोबर चहा. हेतू असा की लोक काम पूर्ण करतील. लोकांनी काय केलं? लोकांनी चिठ्ठ्या कमी केल्या.

ही युक्ती जावयाचीच. चाळीस कामं राहिली तर चाळीस चिठ्ठ्या कशाला? एकच चिठ्ठी लिहायची, 'दुसऱ्या टप्प्याची उरलेली कामं', आणि कामांची यादी आपल्या वहीत. फलकावर आकडा एक. साहेब खूश. त्यांनी सभेत त्याला उभं केलं आणि सगळ्या टप्प्यांना सांगितलं, असं शिका. महिनाभरात अख्ख्या हॉलच्या चिठ्ठ्या दोनशेवरून नऊवर आल्या. त्या नऊ चिठ्ठ्या मीच फायलीत लावल्या, ठसा मारून. मला कळत नव्हतं असं नाही. मला चांगलंच कळत होतं.

छत्तीस नंबरच्या विमानात काका एक पंखा बदलायला म्हणून आडवे झाले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मला वाटलं पाठ धरली. त्यांनी मला आत बोलावलं, टॉर्च धरायला लावली. तेलाची नळी वायरींच्या जुडग्याला टेकली होती. दोन्ही लांब ठेवणारा क्लँप तिथे हवा होता. तिथे नुसतं भोक होतं, आणि वायरीवरचं वेष्टण घासून पांढरं पडलं होतं.

"जमिनीवर चाचणीत चार तास इंजिन चाललंय," काका म्हणाले, "तेवढ्यात एवढं घासलं. वायर उघडी पडून ठिणगी उडाली, तर शेजारीच तेल आहे."

त्यांनी जावयाला बोलावून घेतलं. तो वही घेऊन आला. छत्तीसच्या यादीत क्लँप नव्हताच. काकांनी वही त्याच्या हातातून घेतली, मागची पानं चाळली, मग स्टोअरमधून मालाच्या तारखा मागवल्या. क्लँपचा माल तीनदा उशिरा आला होता. त्या दिवसांत दुसऱ्या टप्प्यावर होती एकतीस, चौतीस, पस्तीस आणि छत्तीस. पहिली तिन्ही एव्हाना गिऱ्हाइकाकडे गेली होती. उडत होती.

"मागाहून बसवले असतील बाबा," जावई म्हणाला. "पोरं बसवतात."

"कुठे लिहिलंय?"

"प्रत्येक गोष्ट कुठे लिहितो आपण?"

"आपण लिहायचो," काका म्हणाले. "तू बंद केलंस."

छत्तीसमध्ये क्लँप बसला, वायर बदलली. तिथे थांबता आलं असतं. छत्तीसचं विमान चांगलं झालं होतं, आणि जावयाचं नाव उत्पादनप्रमुख म्हणून वर गेलेलं सगळ्यांना ठाऊक होतं. काकांची निवृत्ती सव्वा वर्षावर होती. पण काकांनी अहवाल लिहिला. माझ्या टेबलावर बसून, स्वतःच्या हाताने. तीन विमानं, त्यांचे नंबर, कोणतं पॅनेल उघडायचं, काय बघायचं, आणि हे का घडलं. का घडलं त्यात वही होती, फलक होता, दर नववा दिवस होता.

दोन दिवसांनी त्यांची लेक घरी आली ती रडून डोळे सुजवूनच. काकूंनी मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, शेवटची सही तुमचीच असते ना प्रत्येक विमानावर? मग तुम्ही तेव्हा का नाही बघितलं? आता ह्यांचं नाव कशाला?"

ते खरंच होतं. त्या तिन्ही विमानांवर त्यांची सही होती. चिठ्ठीवर एकच ओळ होती, तिच्याखाली 'पूर्ण' म्हणून त्यांनी सही केली होती, कारण ट्रॅक्टर दारात उभा होता. पिन त्यांच्या कपाटात नव्हती, पण पेन खिशात होतं. हे ते स्वतःच म्हणायचे, आणि म्हणताना माझ्याकडे बघायचे नाहीत.

साहेबांनी अहवाल दाबला नाही. तेवढे साधे ते नव्हते. त्यांनी सभा घेतली, काकांचं कौतुक केलं, "असं निर्भयपणे बोलणारी माणसं हीच आपली संस्कृती," म्हणाले. मग एक समिती नेमली. समितीत जावई होता, कारण दुसरा टप्पा त्याच्याइतका कोणाला माहीत? समितीने लिहिलं की काही मोजक्या विमानांत एक किरकोळ शक्यता आहे, ती पुढच्या मोठ्या तपासणीत बघितली जाईल. मोठी तपासणी दीड वर्षांनी. आणि विमानाची जबाबदारी शेवटच्या सहीवर, म्हणून काकांना सन्मानाने वर्षभर आधीच घरी पाठवलं. जावई उत्पादनप्रमुख झाला. विमानं आता जमिनीतल्या मोटारीच्या साखळीवर आपोआप सरकतात. पिनेची गरजच उरली नाही, म्हणून ती देऊन टाकली.

समितीच्या कागदांबरोबर काकांचा मूळ अहवाल होता. जावई माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "ताई, नंबरांचं ते पान नको ठेवायला. उगाच गैरसमज होतो." मी ते पान काढलं आणि कागद फाडायच्या मशीनमध्ये घातलं. माझी मुलगी तेव्हा शिकत होती, नोकरी घालवायची हिंमत नव्हती. लोक असं म्हणतात तेव्हा मला राग येतो, म्हणून सरळ सांगते: मी घाबरले.

काका जावयाशी बोलायचे थांबले. फोन उचलायचे नाहीत. लेक यायची, नातीला घेऊन, एकटी.

त्याला वर्ष होत आलं असेल. एक दिवस दुपारी उत्पादनप्रमुख स्वतः माझ्या काचेच्या खोलीत आले. दार लावून घेतलं. बसले नाहीत.

"ताई, ती यादी आहे का कुठे? काकांच्या अहवालातली?"

"कोणती?"

"नंबरांची."

"तुम्ही फाडायला सांगितली होती."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ही आणि मुलगी परवा एका लग्नाला निघाल्यात. तिकीट काढलंय. त्या मार्गावर आपलीच विमानं असतात. मला फक्त खात्री करायची आहे."

"तुम्हीच लिहिलं होतं ना, किरकोळ शक्यता?"

"फोन लावा ना," तो म्हणाला. "माझा ते घेत नाहीत."

मी लावला. काकांनी उचलला. मी सांगितलं कोणाला हवंय आणि कशासाठी. पलीकडे दार आपटल्याचा आवाज आला. पिन सरकली असावी.

"एकतीस, चौतीस, पस्तीस," काका म्हणाले. एकदम, पाठ असल्यासारखे. मग म्हणाले, "त्यांना विचारा बाई, बाकीच्यांनी कोणाला फोन लावायचा."

मी ते विचारलं नाही. फक्त नंबर सांगितले. त्याने माझ्या टेबलावरची एक कोरी लाल चिठ्ठी ओढली, मागे नंबर लिहिले, खिशातून फोन काढून कुणाकडून तरी त्या दिवशीच्या विमानाचा नंबर काढून घेतला, आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितले. पस्तीस होतं. त्याने तिथेच उभं राहून दोन्ही तिकिटं रद्द केली आणि दुसऱ्या दिवशीची, दुसऱ्या कंपनीची काढली. जाताना चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

तो 'परवा' म्हणाला होता त्या दिवशी मी सकाळपासून फोनकडे बघत होते. पस्तीस वेळेवर निघालं, वेळेवर पोचलं. दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. आदल्या संध्याकाळीच त्या कोणीतरी घेतल्या.